म्हातारी वाचली का?

नव्वदच्या दशकातलं एक अख्खं वर्ष मी रविवारच्या मराठी सिनेमांवर काढलं. कळंबला नवी सून होते. नवरा बारामतीच्या एमआयडीसीत, सुट्टी गुरुवारी. त्यामुळे दुपारी चार वाजता टीव्हीसमोर मी आणि सासरे, आबा. सासूबाईंना जाऊन तीन महिने झाले होते. त्या गेल्या तेव्हा आबा उसाचं पाणी सोडायला, मोटर चालू करायला विहिरीवर गेले होते. परत आले तोवर सगळं आटोपलं होतं. त्यावर घरात कुणी बोलत नसे.

मोटरीची वीज पाचला यायची, म्हणजे सिनेमा ऐन रंगात आला की. तिकडे हिरोची आई खाटेवर खोकायला लागायची, इकडे आबा पायताण घालायचे. परत आल्यावर पाय धुवायच्या आधी विचारायचे, "म्हातारी वाचली का?"

पहिल्या रविवारी ती मेली होती. त्यांचं तोंड बघून मी म्हणाले, "वाचली की!"

झालं. वर्षभर मी एकाही आईला मरू दिलं नाही. गोळी लागलीच तर कमरेच्या चंचीतल्या अडकित्त्याला लागली. पुरात वाहून गेलेली भिगवणला मासेमाऱ्यांच्या जाळ्यात सापडली, तीही बोलती. आबा हे शेवट सकाळी दूध डेअरीवर सांगत. तिथं सिनेमा पुरा बघितलेली माणसंही असत. "आमच्या सुनंनं डोळ्यांनी बघितलंय," आबा ठणकावत. गंमत म्हणजे लोकांनाही माझेच शेवट आवडू लागले. शेजारचे तात्या तर सिनेमातली आई आजारी पडली की टीव्ही बंद करून आबांची वाट बघत. मी वहीत त्या वर्षीच्या आवडत्या सिनेमांची यादी केली होती. त्यातला एकही शेवट खरा नव्हता.

वर्षअखेरीस तोच पहिला सिनेमा पुन्हा लागला. नेमकी मोटर जळालेली, इंदापूरला वायंडिंग भरायला टाकलेली. पाच वाजले तरी आबा उठेनात. मी त्यांना उठवायला निमित्त शोधलं.

"आबा, म्हशीला बघता का जरा?"

"म्हस हाय जागंवर. बस गप."

खोकला सुरू झाला. म्हातारी मेली. हिरो रडला आणि शेवटच्या नावांच्या पाट्या सरकू लागल्या.

"आबा, माझं चुकलं," मी म्हणाले. "ती तेव्हाही..."

त्यांचं लक्षच नव्हतं. "मी हितंच बसलो हुतो न्हवं?"

"हो."

"मोटरीवर गेलो न्हवतो?"

"नाही."

"तरी गेलीच की गं."

आणि सासूबाई गेल्यापासून आबा पहिल्यांदा रडले. मलाही रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी डेअरीवर त्यांनी सांगितलं, "म्हातारी गेली. कुणाचा दोष न्हाय." कुणालाच पटलं नाही. संध्याकाळी तात्या मुद्दाम घरी आले आणि मला खरा शेवट विचारू लागले.

"आबा सांगतात तोच खरा," मी म्हणाले.