पडद्यावरून बोट फिरवणारे काका

पडद्यावर फोटो आला की काका आधी त्यावरून बोट फिरवत. माउसला हात नंतर. हिंजवडीतल्या आमच्या बिनखिडकीच्या खोलीत बाराजणांचं एकच काम होतं: शेताच्या फोटोतलं पान, फळ, माती, कीड वेगळं करून प्रत्येकाभोवती रेघ काढायची. त्यावरून पुढे संगणक शिकतो. बाकीचे रंग बघून रेघ काढत, काका पोत बघून. लक्ष्मी रस्त्यावरच्या कापडदुकानात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. दुकान बंद झालं आणि पन्नाशीत ते इथे आले. पडद्यावर डाग पडतात म्हणून पोरं कुरकुरली, तर म्हणाले, "पडद्यावर पडतात, कामात नाही."

मी तपासनीस. पानावरची हिरवी अळी सगळ्यांकडून सुटायची. काकांकडून तीनशे फोटोंत एकही सुटली नाही. म्हणून टोमॅटोचं काम आलं तेव्हा मी ते निर्धास्तपणे त्यांना दिलं. चाळीसपैकी एकतीस फोटो चुकले. पिकलेले आणि कच्चे टोमॅटो त्यांनी एकत्रच धरले होते. पान मात्र एकही चुकलं नव्हतं.

विचारलं, तर म्हणाले, "अहो, लाल नि हिरवं मला सारखंच दिसतं. दुकानात रंग गिऱ्हाईक बघायचं, मी फक्त कापड." मुलीच्या कॉलेजचं शेवटचं वर्ष चालू होतं, आणि या वयात त्यांना दुसरीकडे कोणी घेणार नव्हतं.

तेव्हापासून त्यांचे टोमॅटो मी जेवणाच्या सुट्टीत करू लागलो आणि त्यांच्या नावावर टाकू लागलो. कोणी किती काम केलं त्या रोजच्या तक्त्यात खोटं मी आयुष्यात तेवढंच लिहिलं. काकाही माझ्यासमोर डबा उघडेनासे झाले. आठ महिने आम्ही दोघं असे एकमेकांत अडकून होतो.

मग अळ्यांचं काम संपलं. पुढे वर्षभर टोमॅटोच. मी म्हटलं, जमेल तेवढे करतो. काका म्हणाले, "आपण रोज किती खोटं लिहिणार? मुलीची शेवटची परीक्षा संपली काल." रंग दिसत नाहीत, हे ते स्वतःच वर साहेबांना जाऊन सांगून आले. साहेबांनी अळ्यांचा आकडा विचारलासुद्धा नाही. ओळखपत्र तेवढं काढून घेतलं.

त्यामुळे निघताना दाराच्या यंत्राला माझं कार्ड लावावं लागलं. यंत्रावरचा लाल दिवा हिरवा झाला. काका तसेच उभे राहिले.

"उघडलं का हो? मी रोज ढकलूनच बघत आलो."

दोन वर्षं मी त्यांना ते दार दोन-तीनदा ढकलताना पाहत होतो. मला वाटायचं, घरी जायची घाई.

"उघडलंय, काका," मी म्हणालो. "ढकला."