एकोणीस कडू

मंगलाबाईंच्या वहीत एकोणीस कडू होते, आणि हे इंदूरच्या इंजिनियरला समजावून सांगायची बुद्धी आमच्यापैकी एकालाही झाली नाही.

आमच्या गावात लालबागला विनायकशेठचं केळीच्या रोपांचं दुकान आहे. बावीस वर्षं तिथली गिऱ्हाइकांची वही मंगलाबाई लिहीत होत्या. त्यांना रकाने आखायचा कंटाळा. नाव, गाव, फोन, स्वभाव, सगळं एका ओळीत. 'गोड' म्हणजे सांगितल्या दिवशी रोपं नेणारा. 'तिखट' म्हणजे भांडून नेणारा. 'थंडा' म्हणजे रोपं ठेवायला सांगून गायब होणारा.

२०१७ च्या जूनमध्ये शेठने ठरवलं, की दुकानाची वेबसाइट आणि गिऱ्हाइकांचं सॉफ्टवेअर एकमेकांना जोडायचं. गिऱ्हाइकाने मोबाइल नंबर टाकला की वेबसाइटने त्याला ओळखायचं, नावाने नमस्कार करायचा. थंडा असेल तर तिनेच नम्रपणे नाही म्हणायचं, म्हणजे दुकानात भांडण नको. तो नम्र नकार मी लिहिला. निवृत्त मास्तर असल्याने वेबसाइटचा मजकूर माझ्याकडे होता. "क्षमस्व, या हंगामातली रोपं संपली आहेत." या वाक्याचं मला कौतुकही वाटलं होतं.

जोडणी झाली की वही बंद, आणि वहीसोबत मंगलाबाईही. शेठने तसं सांगितलं, चहा पाजून सांगितलं. तीस जून शेवटचा दिवस. राजपुऱ्यात एका खोलीत एकटी राहणारी बाई, दुसरं उत्पन्न नाही. "बरं," म्हणाल्या आणि कप धुवायला गेल्या. मला शेठचा राग आला. मी काही बोललो नाही, याचा जास्त आला.

इंजिनियरने वही सॉफ्टवेअरमध्ये भरायला घेतली. मध्येच त्याने विचारलं, "आंटी, कडू मतलब?"

बाईंच्या कानाला फोन होता. "कड़वा," त्या म्हणाल्या.

झालं. त्याने सगळे कडू नावातून काढले आणि स्वभावात, थंड्यांच्या शेजारी, म्हणजे नकाराच्या यादीत नेऊन ठेवले.

आमच्याकडे आधीची लेकरं जगली नाहीत की पुढच्याचं नाव कडू ठेवतात. कडू घास यमसुद्धा थुंकतो, असा हिशेब. इंदूरला हा हिशेब शिकवत नसावेत.

वीस जूनपासून दुकानात एकही कडू फिरकला नाही. ऐन लागवडीच्या दिवसांत. गिऱ्हाईक मोबाइलवर नकार वाचून गुपचूप दुसरीकडे जात होतं. शेठ म्हणाले, यंदा गर्दी कशी शिस्तीत आहे.

अठ्ठावीस तारखेला बाईंच्या धाकट्या भावाचा फोन आला. कडू देवराम महाजन. शाहपूरकडे त्याची केळी.

"ताई, तुमच्या कम्प्युटरनं नमस्कार देवरामजी म्हटलं."

"मंग?"

"बाबाले जाऊन अठरा वरीस झाले. आन् त्यायले म्हनते, रोपं संपले!" बोलता बोलता त्याचा आवाज चढला. "मले नाही म्हनायचं होतं तं तू सोता सांगतीस. बाबाले काय मधात घालतीस?" त्याने फोन ठेवला.

बाई फोनकडे पाहत राहिल्या. मग उठून इंजिनियरच्या मागे उभ्या राहिल्या. "याच्यातले कडू कुठी गेले, दाखव."

त्याने यादी दाखवली. एकोणीस माणसं. कुणाच्याच नावात कडू उरलेला नव्हता, सगळ्यांचे बाप तेवढे हजर होते.

चूक आपल्याच तोंडून गेली, हे बाईंनी शेठला स्वतः सांगितलं. माझा सल्ला गप्प बसण्याचा होता. मग त्या फोन घेऊन बसल्या. आधी भावाला लावला, त्याने उचलला नाही. वही न उघडता बाकीचे अठरा नंबर फिरवले आणि प्रत्येकाला आधी "कडूभाऊ" म्हणून हाक मारली. दोन दिवसांत चौदा जण आले. शेठ काउंटरवरून ऐकत होते.

तीस तारखेला संध्याकाळी बाईंनी पिशवी भरली. चष्मा, डबा, पाठ टेकायची उशी.

"उशी कशाला नेता?" शेठ म्हणाले. "उद्या परत आणावी लागेल."

एवढंच. शेठकडून याहून जास्त मी कधी ऐकलेलं नाही. बाईंनी उशी परत खुर्चीवर ठेवली आणि पदराने डोळे पुसले. मीही चष्मा पुसला.

एक जुलैला इंजिनियर बाईंना शेजारी बसवून एकेक कडू नावात परत नेत होता. शेवटचा भाऊ उरला. त्याने अजून फोन उचललेला नव्हता.

"नाम कडू," इंजिनियर म्हणाला. "और स्वभाव? वो भी कडू?"



"गोड लिही," बाई म्हणाल्या. "पन त्याले दिसू देऊ नको."