त्याच टोपातलं जेवण

मुलांनो,

शाळेने तुम्हाला समाजसेवेचा फॉर्म दिलाय आणि त्यात घरातल्या मोठ्यांविषयी चार ओळी लिहायच्या आहेत, हे रविवारी फोनवर कळलं. तुम्ही लिहिलंत, ‘आमची आजी मुंबईत गरिबांना जेवण देते.’ वाक्य चूक नाही, अपुरं आहे. सगळं नीट आठवतंय तोवर ते पुरं करून ठेवते.

आपल्या चर्चच्या आम्ही सात-आठ जणी दर शनिवारी परळच्या निवाऱ्यात दुपारचं जेवण नेतो. घर नसलेली साठेक माणसं तिथे राहतात. डाळ खोताच्या वाडीत माझ्या स्वयंपाकघरात शिजते, भात-भाजी चर्चच्या हॉलमध्ये, आणि सगळे टोप टॅक्सीने जातात. पहिल्याच महिन्यात मी नऊ नियम इंग्रजीत टाइप करून तिथल्या भिंतीवर लावले. त्यातल्या चौथ्याचा मला विशेष अभिमान होता: स्वयंसेवकांनी तिथे जेवू नये. अन्न त्यांचं, त्यातला घासही आपल्या तोंडी जाता कामा नये.

निवाऱ्यात सत्तरीच्या एक बाई होत्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. मूळच्या मालवणकडच्या. लालबागच्या चाळीत त्यांनी गिरणी कामगारांची खाणावळ चालवली होती. गिरण्या गेल्या, खाणावळ गेली, शेवटी खोलीही गेली. एरवी त्या व्यवस्थित जेवत. शनिवारी मात्र आपलं ताट शेजारणीकडे सरकवायच्या. मधुमेहाची गोळी घेतलेली आणि पोटात काही नाही, त्यामुळे दोनदा चक्कर येऊन पडल्या. व्यवस्थापकांनी सरळ सांगितलं, “पुन्हा असं झालं तर आम्हाला झेपणार नाही. शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात पाठवावं लागेल.” मावशी एवढंच म्हणाल्या, “मला लालबाग-परळच्या बाहेर टाकू नका.”

माझी समजूत अशी की त्यांना ख्रिस्ती हातचं चालत नसावं. रागही आला. पण हातातलं काम अर्धवट सोडायची मला सवय नाही. पुढच्या शनिवारी गिरगावातून थालीपीठ आणि दही बांधून घेतलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं.

“हे काय, बाई?”

“तुमच्यासाठी. आमच्या हातचं चालत नाही ना तुम्हाला?”

मावशी हसतच सुटल्या. “मला? आयुष्यभर पंगती वाढल्या, कोणाला जात विचारली नाही. चालत नाही ते तुम्हाला! तुम्ही कुठे जेवता?”

“घरी गेल्यावर.”

“बघा! वाढताना गोड गोड हसायचं, नि जेवायची वेळ झाली की टॅक्सीत. आमच्यात बसलात तर विटाळ होतो काय?”

मी भिंतीवरचा चौथा नियम त्यांना मराठीत सांगितला, त्यामागचा हेतूही सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“तुमचा कागद असेल चांगला. पण माझ्याकडे चाळीस माणसं जेवायची. सगळ्यांचं झालं की त्यांच्या देखत, त्याच टोपातलं मी जेवायचे. म्हणून त्यांचा भरवसा. इथला रोजचा स्वयंपाकीसुद्धा आमच्यात बसतो. वाढणारी जे तोंडात घालत नाही, ते मी का घालू?”

मी बाकावर त्यांच्याशेजारी बसले आणि ताट मागितलं. आमच्यातली निवृत्त नर्स दारातून म्हणाली, “अगं, टॅक्सी उभी आहे!”

“जाऊ दे तिला. तूही बस.”

मावशींनी माझ्या हातातला डाव काढून घेतला. “मी वाढते. तुम्हाला अंदाज नाही.” मला वाढलं, नर्सला वाढलं, मग स्वतःला. पहिला घास त्यांनी माझ्या तोंडाकडे बघत थांबवून ठेवला होता. मी माझा घास खाल्ला.

डाळ अळणी होती. लोकांना रक्तदाबाचा त्रास म्हणून नर्सच्या सांगण्यावरून मी मीठ कमी घालत आले होते, आणि आठ महिने आमच्यातल्या एकीनेही ती चाखली नव्हती.

माझा चेहरा बघून मावशींनी विचारलं, “कळलं?” आणि जेवायला लागल्या. सगळं ताट संपवलं. पलीकडून एक म्हातारे गृहस्थ ओरडले, “बाई, आता तरी मीठ आणा हो!” सगळा हॉल हसला. आम्हीही हसलो.

त्यानंतर शनिवारी मावशींना चक्कर आली नाही. वृद्धाश्रमाची गोष्ट पुन्हा निघाली नाही. दर शनिवारी डाव त्यांच्याच हातात असे, आणि मीठ घालताना त्यांचं माप चाले. चार वर्षांनी त्या गेल्या, परळमध्येच, आपल्या माणसांत.

माझ्या हातून आयुष्यात बरीच कामं नीट झाली. पण मला सर्वांत जास्त अभिमान आहे तो स्वतः केलेला नियम स्वतःच्या हाताने खोडल्याचा. फॉर्ममध्ये लिहायचंच असेल तर हे लिहा.

भिंतीवर आता मराठीतला कागद आहे. नवीन येणाऱ्या मुलींना मी चौथा नियम आधी वाचायला लावते: वाढणाऱ्यांनी सगळ्यांनंतर, तिथेच बसून, त्याच टोपातलं जेवायचं. गेल्या शनिवारीही आम्ही तसेच जेवलो.