डाव्या पायावरचं वजन

खर्ड्याच्या स्टँडवर एसटी लागली आणि आप्पांनी सगळ्यांच्या आधी कंडक्टरला गाठलं. मी जर्मनीला निघाले होते. नर्सची नोकरी मिळवून, पुण्यात राहून जर्मन भाषा शिकून, परीक्षा पास होऊन. आणि माझे वडील कंडक्टरला सांगत होते, "पोरीचा गुडघा खराब हाय, तिला पुढची शीट द्या." निरोप द्यायला आलेल्या गल्लीतल्या बायकांनी लगेच माझ्या गुडघ्याकडं बघितलं. डावा पाय आधी पायरीवर ठेवून चढायचं मी मनाशी ठरवलं होतं. ऐनवेळी उजवाच पुढं गेला. गाडी हलली, आई डोळे पुसत होती, मीही हात हलवला. पण खरं सांगते, मला रडू आलं नव्हतं. राग आला होता. वाटलं, सुटले एकदाची.

गाव सोडून गेलेल्यांना हा राग ओळखीचा असेल. मागं राहिलेल्यांनी तो मनाला लावून घेऊ नये. पुढं तो कुठं जाऊन आदळला तेच सांगायला बसले आहे.

जामखेडच्या कॉलेजात मी कबड्डी खेळायचे. एका सामन्यात चढाईला आलेल्या मुलीची पकड करताना माझा डावा पाय जागेवरच राहिला आणि अंग फिरलं. गुडघ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. लिगामेंट गेलं होतं. नगरला ऑपरेशन झालं आणि मी घरी येऊन कॉटवर पडले.

आप्पा गवंडी. आयुष्यभर विटा, वाळू आणि सिमेंट. गुडघाही त्यांनी स्लॅबसारखाच समजून घेतला. "सेंट्रिंग घाईनं काढलं की स्लॅब बसतो," ते मला बजावायचे. "दम धर. आतून पक्कं होऊ दे." दारातली पायरी मला उंच पडते म्हणून त्यांनी मध्ये एक अर्धी पायरी बांधली. मोरीत भिंतीला धरायला पाइप बसवला. मी उठले की हातातलं काम टाकून यायचे. आई पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू द्यायची नाही. बुद्धविहारात वंदनेला सगळे खाली बसायचे आणि माझ्यासाठी कुणीतरी खुर्ची आणून ठेवायचं. पहिल्यांदा बरं वाटलं. पुढं त्या खुर्चीचीच चीड यायला लागली, पण मी बसायचे तिच्यावरच.

वर्षभरानं मी चालायला लागले. नगरला नर्सिंगचं शिक्षण घेतलं, तिथंच नोकरी केली. चाल बरी दिसायची. मी लंगडते असं मला कुणी म्हटलं नाही.

जर्मनीतलं गाव लहान आहे. सकाळच्या पाळीला इथं 'फ्र्यूडीन्स्ट' म्हणतात, वॉर्डाला 'श्टात्सिऑन'. मराठीत विचार करतानासुद्धा आता हेच शब्द आधी येतात. आमची श्टात्सिऑन म्हणजे एक लांबलचक कॉरिडॉर आणि दोन्ही बाजूंना म्हाताऱ्या माणसांच्या खोल्या. पेशंटना उचलायचं, बसवायचं, कूस बदलायची. आठ तासांत मी किती चालत असेन कोण जाणे. इथं माझ्या गुडघ्याची कुणाला खबर नव्हती आणि मला तेच हवं होतं. कुणी आजारी पडलं की त्याची पाळी मी मागून घ्यायचे.

दुसऱ्या हिवाळ्यात गुडघा सुजायला लागला. आधी फक्त सलग पाळ्यांच्या शेवटच्या दिवशी, मग रोज. एमआरआय झाला. डॉक्टरांनी सांगितलं, लिगामेंट उत्तम आहे, पण हाडांच्या टोकांवरची कूर्चा बरीच पातळ झाली आहे. आपल्याकडं गुडघ्यातली गादी झिजली म्हणतात, तसलं काहीतरी. माझं वय तेव्हा एकोणतीस.

मला फिजिओथेरपीला पाठवलं. फ्राऊ ब्रांट नावाच्या बाईंनी कुठलंही मोठं मशीन लावलं नाही. जमिनीवर वजनाचे दोन साधे काटे शेजारी शेजारी ठेवले, एकेकावर एकेक पाय ठेवायला सांगितलं आणि म्हणाल्या, नेहमी उभ्या राहता तशा राहा. मी खाली बघितलं. उजव्या काट्यावर चाळीस किलो, डाव्यावर एकोणीस. मला वाटत होतं मी सरळ उभी आहे. मग त्यांनी माझं चालणं मोबाईलवर घेतलं आणि हळू करून दाखवलं. डावा पाय जमिनीवर पडायचा आणि वजन पुरतं यायच्या आत उचलला जायचा. माझी चाल होती ती. दहा वर्षांची.

"तुम्ही हा पाय शोनन करता," त्या म्हणाल्या. शोनन म्हणजे जपणं. मग समजावून सांगितलं. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. पाऊल पडलं की ती दाबली जाते, उचललं की सुटते, आणि त्या दाबण्या-सुटण्यातच तिला खाणंपिणं मिळतं. दुखापतीनंतर पाय जपणं ठीक, पण ठरलेल्या दिवसापासून थोडं थोडं वजन द्यावंच लागतं. फार वजन वाईट, तसं फार कमीही वाईट. माझ्या गुडघ्याला वर्षानुवर्षं पुरेसं वजन मिळालं नाही, आणि मग इथं येऊन मी त्याच्यावर एकदम दुप्पट पाळ्या लादल्या. सगळा दोष चालीचाच असं त्यांना छातीठोक सांगता येत नव्हतं, दुखापतीनंही नुकसान होतंच. पण गेलेली कूर्चा परत येणार नाही, हे मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं. उरलेली सांभाळायची.

मी नर्स आहे. पेशंटना ऑपरेशननंतर उभं करणारी. हे मला एका बाईनं वजनाचे काटे मांडून सांगावं लागलं.

घरी येऊन मी आप्पांना फोन लावला आणि जे तोंडाला आलं ते बोलले. "तुमच्या त्या स्लॅबपायी माझा गुडघा गेला आप्पा. जप म्हणालात आणि मी जपत बसले. आता माझी श्टात्सिऑन पण सुटणार." श्टात्सिऑन म्हणजे काय हे त्यांना कळलंही नसेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन आईकडं दिला.

चार दिवसांनी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. पांढरा सदरा होता अंगावर, बाहेरगावी जाताना घालतात तो. माझ्या ऑपरेशनची जुनी फाइल पिशवीत घालून ते एकटेच नगरला गेले होते. ज्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं होतं त्यांच्या दवाखान्यात सकाळपासून रांगेत बसले होते, फक्त एक विचारायला, की माझं चुकलं का. डॉक्टरांनी फाइल उघडून एक कागद काढून दाखवला होता.

"तिसऱ्या आठवड्यापासनं पायावर वजन द्या, रोज थोडं वाढवा, असं त्या कागदावर लिवलं हुतं म्हनं," आप्पा म्हणाले. "इंग्रजीत हुतं. मला काय वाचता आलं न्हाई. चुकी माझीच झाली, बाय."

मी म्हणाले, असू द्या आप्पा, आता काय उपयोग. आणि फोन ठेवला.

तो कागद मी वाचला होता. नगरहून परत येताना जीपमध्येच वाचला होता. अकरा दिवस व्यायाम करून त्याच्यावर पेनानं खुणाही केल्या होत्या. मग एका सकाळी वजन देताना इतकी कळ आली की मला वाटलं पुन्हा तुटलं. त्यानंतर मी कागद फाइलमध्ये घातला तो घातलाच. आप्पा दम धर म्हणत होते आणि मला तेच ऐकायचं होतं. भीती माझी होती. नाव त्यांच्या स्लॅबचं.

हे सांगायला मला सहा महिने लागले. तोवर मला वॉर्डातून काढून कागदपत्रांच्या टेबलावर बसवलं होतं. माणसांना हात लावायचं काम गेलं, फॉर्म आले. मी त्याचाही राग धरून होते, पण कुणावर धरावा ते कळत नव्हतं.

सुट्टीत खर्ड्याला आले. आप्पा दारात वाळू चाळत होते. मी शेजारी उभी राहिले आणि म्हणाले, "आप्पा, तो कागद मी तेव्हाच वाचला होता."

चाळणी थांबली नाही. "ठावं हाय. पेनानं खुणा केल्यात की त्याच्यावर. डाक्टरनी दावल्या मला."

म्हणजे व्हिडिओ कॉलवर 'चुकी माझीच' म्हणाले तेव्हाही त्यांना माहीत होतं. मी विचारलं, "मग मला बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तू व्यायाम सोडलास तवा मला बरंच वाटलं हुतं. तुझं इवळनं ऐकवत नव्हतं मला."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं आणि त्यांच्याजवळ बसून रडायचं होतं. दोन्ही जमलं नाही. घर म्हणजे काय, हे जर्मनीतल्या मैत्रिणी एकमेकींना विचारतात तेव्हा मला ती वाळूची चाळणी आठवते. माझं खोटं माहीत असून ते कुणीतरी स्वतःच्या नावावर घेतलं, अशी जागा मला दुसरी सापडलेली नाही. त्या जागेवर मी दुसऱ्याच दिवशी चिडते, हेही तितकंच खरं.

चाळणी ठेवून आप्पांनी हात झटकले आणि विचारलं, रोज किती चालायला सांगितलंय. मी सांगितलं, अर्धा तास, दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून. मग चल म्हणाले. आम्ही गावच्या किल्ल्याकडं निघालो. मी फ्राऊ ब्रांटनी शिकवल्याप्रमाणे मोजून पावलं टाकत होते आणि आप्पा सारखे माझ्या मागं राहत होते. शेवटी मला राहवलं नाही. मी म्हणाले, "आप्पा, माझ्यासाठी हळू चालू नका. मला नाही आवडत ते."

आप्पा थांबले, दम खाल्ला. "तुझ्यासाठी न्हाई गं," ते म्हणाले. "माझं चालनंच एवढं राह्यलंय आता."