शीड वळताना

आमचे हे हल्ली होडी घेऊन एकटेच खाडीत जातात. माझे गुडघे गेले, तेव्हापासून मी आपली धक्क्यावर बसून बघते. इतकी वर्षं दोघांनी मिळून हाकली हो ती होडी! आता माझ्या जागी त्यांनी भाराला एक मोठा दगड ठेवलाय.

"माझ्या बदली दगड?" मी विचारलं.

"बरा आहे गं. हुकूम सोडत नाही."

हसले मी, पण लागलंच मनाला. माझ्यावाचून काही अडत नाही की यांचं! आणि लांबून एकट्याची होडी दिसते तरी किती शांत! झोपेत कूस बदलावी तशी हलकेच वळते. आमची दोघांची कधी अशी दिसली नसेल. तिच्यात मासळी कमी आणि वादावादीच जास्त.

काल उन्हं कलताना वारा फिरला. शीड वळवलं की त्याचा वासा होडीवरून आडवा जातो, बसलेल्याला वाकावं लागतं. तेवढ्यात पाण्यावरून ह्यांची हाक आली, "अगं, डोकं सांभाळ!"

होडीत तर नुसता दगड होता. मी मात्र धक्क्यावर बसल्या बसल्या खाली वाकले.