धसकटांतला फुटवा

निवृत्तीनंतर शेती पाहू लागले, त्या उन्हाळ्यात वालूरजवळच्या आमच्या रानात प्रथमच मेंढ्या बसवल्या. कळप काही रात्री मुक्कामाला राहतो, जमिनीला लेंडीखत मिळते. कळप होता जिंतूरच्या डोंगराकडच्या एका धनगर बाईचा.

सकाळीच बांधावरून मला दिसले होते : अवकाळी पावसाने कोपऱ्यातल्या ज्वारीच्या धसकटांना हिरवा फुटवा आला होता. तो जनावरांना विषारी ठरतो, हे सासऱ्यांकडून ऐकले होते. पण जन्म मेंढ्यांमागे घालवलेल्या बाईला मी शिक्षिकेने काय सांगावे? मी गप्प राहिले.

कळपाभोवती रात्री लावायचे जाळे दुरुस्त करीत ती आपल्या बाकदार नाकाच्या काळ्या मेंढ्यांचे गुण सांगत होती.

"लय काटक जात, बाई. लोकर राठ, पोटाखाली उघडी. खडकावरलं वाळलं गवत खाऊन बी कोसकोस चालंल. तुमच्यावानी सावली न्हाई धुंडत."

मी हसले. तिच्या पाठीमागे कळप त्या कोपऱ्याकडे सरकत होता. 'अहो' एवढेच माझ्या ओठांवर आले, तेही तिला ऐकू गेले नाही.

पुढच्या मेंढीने फुटवा ओरबाडून खाल्ला आणि थोड्याच वेळात ती अडखळून कोसळली. तोंडाला फेस आला.

"कायतरी बाधलं हिला!" जाळे टाकून ती धावली. "गाभण हाय वो ती!"

बाकीच्या मेंढ्या तिने काठीने मागे रेटल्या. मी गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते येईपर्यंत मेंढीचे डोके मी मांडीवर धरून बसले. तिची कूस भात्यासारखी हलत होती.

"काय खाल्लं हिनं?" डॉक्टरांनी विचारले.

धनगरीण गोंधळून भोवती पाहू लागली.

"ज्वारीचा फुटवा," मी म्हणाले. "मी सकाळीच पाहिला होता."

डॉक्टरांनी शिरेत इंजेक्शन दिले. धनगरीण माझ्याकडे वळली.

"आन् गप बसलात? शाळेत पोरान्ला बी मनातल्या मनातच शिकवलं व्हय?"

बऱ्याच वेळाने मेंढीचा श्वास सावरला. दुसऱ्या प्रयत्नात ती उभी राहिली. पोटातल्या पिल्लाचे आज सांगता येणार नाही, असे सांगून डॉक्टर गेले.

दुसऱ्या सकाळी धनगरणीने मला कळपापुढे चालायला लावले. "रान तुमचं. तुमी सांगायचं."

ओढ्याकडच्या पट्ट्याशी मी थांबले. धसकटांत हिरवे काहीतरी होते.

"इथे नको," मी पुटपुटले.

"मोठ्यानं."

"इथे सोडू नका!"

माझ्या आवाजाने पुढच्या दोन मेंढ्या दचकून मागे सरल्या. ती हसली नाही. तिने फक्त काठी आडवी धरून कळप अडवला.