सुमनताईंची सामाईक भट्टी

कच्चं भांडं हातात आलं की सुमनताई ते आधी गालाला लावायच्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, लाड करताहेत. डोळे मिटून घटकाभर तशाच उभ्या राहायच्या आणि मग निकाल द्यायच्या, "सुकलंय," नाहीतर "गार लागतंय, पुढच्या खेपेला." मातीत पाणी उरलं असेल तर बोटांना ते कळत नाही, गालाला कळतं, असं त्यांचं म्हणणं. भांडं कलेक्टरांच्या घरचं असलं तरी निकाल बदलायचा नाही. कोणी फार गळ घातली तर म्हणायच्या, "भट्टीला नातं कळत नाय. तिला फक्त पाणी कळतं."

त्यांना जाऊन आता दीड वर्ष होईल. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, एका बर्फाच्या कारखान्यामागच्या गाळ्यात त्यांची भट्टी होती. गॅसवर चालणारी, गोदरेजच्या कपाटाएवढी, आत चार फळ्या. रत्नागिरीत चिनीमातीची भांडी करणारे आम्ही दहा-बारा जण. कोणी हौसेने करायचं, कोणी थोडीफार विकायचं, पण स्वतःची भट्टी घेणं कोणाच्याच आवाक्यात नव्हतं. सुमनताई फळी भाड्याने द्यायच्या. कोणी अख्खी घ्यायचं, कोणी अर्धी, कोणी चार कपांपुरता कोपरा. चारही फळ्या भरल्या की भट्टी पेटायची. एरवी ज्यांनी एकमेकांना ओळखही दिली नसती अशा माणसांची भांडी त्या एका आगीत एकमेकांना खेटून भाजून निघायची.

सुमन कांबळे मूळच्या इकडच्याच, लग्न होऊन मुंबईला गेलेल्या. नवरा लवकर वारला. विजेच्या खांबांवर बसवतात ते चिनीमातीचे इन्सुलेटर करणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं काढली, आधी तपासणीला आणि मग थेट भट्टीवर. कारखाना बंद पडला तेव्हा मोडीत निघालेल्या भट्टीच्या विटा त्यांनी ट्रकात घालून गावी आणल्या. "लोक मुंबईवरनं टीव्ही आणतात, मी विटा आणल्या," असं सांगताना त्या हसायच्या नाहीत, ऐकणाऱ्याने हसायचं. साडीवर पुरुषी खाकी शर्ट चढवून त्या दिवसभर वावरायच्या. भट्टीचं दार मात्र फळी घेतलेली सगळी माणसं जमल्याशिवाय उघडायच्या नाहीत. साधलं तर सगळ्यांना दिसू दे, फुटलं तरी सगळ्यांना दिसू दे, हा त्यांचा नियम.

मी इथल्या एका हायस्कूलात चित्रकला शिकवते. त्यामुळे अख्ख्या गावासारखी सुमनताईंचीही मी 'बाई'. चाळिशी उलटल्यावर मला पहिलं मोठं काम मिळालं. पूर्णगडला एक नवा होमस्टे होत होता, त्याच्या खोल्यांसाठी टेबललॅम्पच्या बारा बैठका हव्या होत्या. माझ्या छंदाला कोणीतरी पहिल्यांदाच काम म्हटलं होतं. मालक मुंबईहून रविवारी उद्घाटनाला येणार होता. श्रावण चालू होता, हवा इतकी दमट की माती आठ-आठ दिवस सुकत नव्हती. बारापैकी दोन बैठका मला शेवटी पुन्हा कराव्या लागल्या आणि त्या बुडाला जाड राहिल्या.

भट्टी लावायच्या दिवशी सकाळी सहाला मी पोचले तेव्हा लिमयेकाका आधीच बाकावर बसलेले होते. मांडीवर आंब्याची पेटी. त्यांच्या पत्नी वसुधाकाकू आजारपणाची औषधं चालू असताना दर शनिवारी सुमनताईंकडे चाकावर बसायला यायच्या. वैशाखात त्या गेल्या. त्यांनी केलेल्या सहा वाट्या घरात फडताळात कच्च्याच राहिल्या होत्या. काकांनी त्या पेटीतल्या पेंढ्यात ठेवून, आंब्याच्या बागेतल्या गड्याच्या हाती न देता स्वतः आणल्या होत्या.

"हिच्या हातच्या आहेत," ते सुमनताईंना म्हणाले. "पुन्हा व्हायच्या नाहीत."

सुमनताईंनी सहाही वाट्या एकेक करून गालाला लावल्या. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. मग वरून दुसऱ्या फळीवर, अगदी पुढच्या बाजूला मांडल्या. त्याच फळीचा मागचा अर्धा भाग माझा होता.

माझ्या दहा बैठका पास झाल्या. दोन त्यांनी खाली ठेवल्या. मी वाद घातला. रविवार सांगितला, होमस्टेचा मालक सांगितला, काल दिवसभर पंख्याखाली ठेवल्याचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणून मान हलवली. तेवढ्यात सिलिंडरची गाडी आली म्हणून त्या फाटकापर्यंत गेल्या. काकाही पाय मोकळे करायला बाहेर उभे राहिले होते. गाळ्यात मी एकटीच होते. त्या दोन बैठका उचलून मी फळीवर अगदी मागे, बाकीच्यांच्या आड सरकवल्या. परत आल्यावर, जमिनीवर बैठका दिसत नाहीत म्हणजे मी पिशवीत भरल्या असं सुमनताईंनी धरलं, पुढून एक नजर टाकली आणि दार लावलं. दुसऱ्या कोणाची फळी असती तर त्यांनी मागे हात घालून बघितलं असतं. मी त्यांच्याकडे सहा वर्षं येत होते.

त्याच सकाळी आठला भट्टी पेटली. पहिले दोन तास आच अगदी मंद ठेवायची असते, उरलंसुरलं पाणी सावकाश निघून जावं म्हणून. त्या दोन तासांत मी कधीही तोंड उघडू शकले असते. आच बंद करून, भट्टी निवू देऊन दोन भांडी बाहेर काढायची, एवढंच होतं. मी आकड्याकडे बघत उभी राहिले. तापमान नव्वद झालं, शंभर झालं, एकशे दहा झालं. मनात म्हटलं, सुकलेल्याच असतील. काका बाकावरून हलले नव्हते. आज दिवसभर बसणार आहे, असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

दहाच्या सुमारास आतून आवाज आला. झाडावरून ओल्या जमिनीवर नारळ पडावा तसा, दबका. मग लगेच दुसरा. त्यामागून बारीक काहीतरी घरंगळल्यासारखं.

सुमनताई उठल्या. आच कमी केली, दाराशी कान नेला आणि बराच वेळ तशाच थांबल्या.

"कसला आवाज?" काकांनी विचारलं.

"भांडं गेलं, काका. कोणाचं ते दार उघडल्यावर कळेल."

काकांनी विचारलं की आत्ता उघडून बघता येणार नाही का. सुमनताईंनी समजावलं, आत्ता गार हवा आत गेली तर जी शाबूत आहेत त्यांनाही तडा जाईल. आता भाजणी पुरी करायची आणि उद्या दुपारपर्यंत थंड होऊ द्यायची. काका पुन्हा बसले. सुमनताई माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "मी सगळी बघितली होती."  मला हात रिकामे ठेववेनात म्हणून मी स्टोव्हवर चहा टाकला. काकांना कप दिला तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाले, "तुम्ही आहात सोबतीला, बरं वाटतं."

ती रात्र आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. शाळेत सातवीला घागर काढायला दिली आणि फळ्यावर काढलेली घागर दोनदा पुसली.

दुपारी तीनला आम्ही आठ जण जमलो. सुमनताईंनी दार उघडलं. वरची फळी ठीक होती. दुसऱ्या फळीवर सगळीकडे खापरांचा चुरा पडला होता. माझ्या दोन बैठकांच्या ठिकऱ्या झाल्या होत्या आणि त्यांचे तुकडे पुढच्या वाट्यांवर आदळले होते. मधल्या माझ्या दहा बैठका दणकट म्हणून शाबूत राहिल्या, पण वाट्या पातळ, हलक्या हाताने ओढलेल्या होत्या. चार फुटल्या होत्या, दोन राहिल्या होत्या. सुमनताईंनी चुऱ्यातून एक जाड तुकडा उचलला. माझ्या प्रत्येक भांड्याच्या बुडाशी मी छोटा मासा कोरते. त्या तुकड्यावर तो मासा अख्खा होता. त्यांनी तो बघितला, मूठ मिटली आणि हात शर्टाच्या खिशात घातला.

"भट्टी मी लावली, काका," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे."

काकांनी मान हलवली. दोन अख्ख्या वाट्या पेंढ्यात ठेवल्या. मग खाली वाकून चार फुटलेल्या वाट्यांचे तुकडे वेचायला लागले. आमच्यातले दोघे-तिघे मदतीला पुढे झाले. मी भिंतीशी उभी होते. 

सगळे गेल्यावर सुमनताईंनी खिशातला तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. मी रडायला लागले. मग घाईघाईने म्हणाले की मी अगदी तशाच वाट्या करून देते, चारच्या चार, काकूंची पद्धत मला माहीत आहे. सुमनताईंचा आवाज चढलेला मी तेव्हा एकदाच ऐकला.

"वाट्या कोण मागतंय तुमच्याकडे?"

मग त्या खाली बसल्या, चुरा झाडूने गोळा करायला लागल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमचं नाव मी घेणार नाय, बाई. ते तुम्ही घ्यायचं."

रविवारी होमस्टेच्या मालकाने दहा बैठका बघितल्या आणि खूश झाला. दोन कमी आहेत म्हणून मी चाचरत सांगायला लागले, तर म्हणाला की वरच्या दोन खोल्यांचं काम अजून अर्धवटच आहे, दिवाळीपर्यंत दिल्या तरी चालतील. मी त्याच्यासमोर हसले. आजवर मी इतकं वाईट कधी हसले नसेन.

सोमवारी शाळा सुटल्यावर काकांच्या घरी गेले. ते पडवीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. चहा टाकू का म्हणाले. मी नको म्हटलं आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं, फाटकाशी आलेली गाडी, मागे सरकवलेल्या दोन बैठका, पहिले दोन तास. त्यांनी वर्तमानपत्र मांडीवर ठेवलं.

"सुमनताईंना माहीत होतं?"

"दार उघडल्यावर कळलं."

"आणि त्यांनी स्वतःवर घेतलं." काका म्हणाले. "त्या दिवशी तुम्ही मला चहा दिलात."

एवढं बोलून ते उठले, वर्तमानपत्राची घडी घातली आणि आत गेले. मी बराच वेळ पडवीत थांबले. ते बाहेर आले नाहीत. मग मीच फाटक ओढून घेऊन निघाले.

सुमनताईंना जाऊन सांगितलं. काका काय म्हणाले, हे त्यांनी विचारलं नाही. "बरं झालं," इतकंच म्हणाल्या. मला वाटलं, प्रकरण संपलं. पण पुढच्या दोन भट्ट्यांना त्यांनी मला फळी दिली नाही. फोन केला की म्हणायच्या, भरली. भरलेली नसायची, मला इतरांकडून कळायचं. ते चार महिने मी माती भिजवत होते, भांडी करत होते आणि कच्चीच माळ्यावर ठेवत होते. ती भाजली जातील की नाही, हे त्यांच्या एका शब्दावर होतं आणि तो शब्द मागायचं तोंड मला नव्हतं.

पौषात त्यांचा फोन आला. "या उद्या. पण तुमची भांडी आणू नका. मांडायला या."

मी गेले तर चारही फळ्या बाहेर काढून ठेवलेल्या, जमिनीवर नऊ माणसांची भांडी. सुमनताई गाळ्याच्या दाराबाहेर खुर्ची टाकून, पाठ करून बसल्या. मी एकेक भांडं तपासत होते, लावत होते, पुन्हा काढून बघत होते. एक सुरई मला संशयाची वाटली. घेऊन बाहेर गेले आणि म्हटलं, जरा बघता का. त्यांनी हात पुढे केला नाही.

"मी बघितलं तर तुम्ही काय केलंत?"

मी आत आले. सुरई बाजूला ठेवली. चार फळ्या लावायला मला अख्खी दुपार लागली, त्यांना तासभर लागायचा. झालं म्हणून हाक मारली तेव्हा त्या गुडघ्यांवर हात टेकत उठल्या, आत आल्या. मी बाजूला झाले. त्यांनी आत नजरसुद्धा टाकली नाही. दार लोटलं, कडी घातली आणि लायटर माझ्या हातात दिला.

"पेटवा," म्हणाल्या.